जंगलखात्याच्या आधीपासून सातपुड्यात कोण होते?

पुण्याजवळच्या सांगवी, पिंपळे गुरव, थेरगाव, भोसरी या पट्ट्यात खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली असंख्य कुटुंबे स्थायिक झाली आहेत. त्यामुळे नंदुरबार-धुळ्याची बातमी इथे परकी नसते. पण वनजमिनीची बातमी आली की एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘आदिवासींनी सरकारी जंगलात अतिक्रमण केले आणि सरकारने मतांसाठी त्यांना पट्टे वाटले.’ मार्च २०१८ मध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले, त्यांची एक मुख्य मागणी वनजमिनीच्या पट्ट्यांची होती. तेव्हाही चांगली शिकलेली माणसे हेच बोलत होती. या वाक्याची खरी अडचण अशी की त्यात घटनांचा क्रमच उलटा लावला आहे. आधीपासून राहणारा घुसखोर ठरतो आणि मागाहून आलेला मालक. हे तपासायला आदिवासींची बाजू घेण्याचीही गरज नाही, राज्यकर्त्यांनी स्वतः लिहून ठेवलेले कागद पुरेसे आहेत.

इंग्रजांनी खानदेश ताब्यात घेतला १८१८ साली. त्या वेळी सातपुड्यात भिल्लांच्या वस्त्या होत्या, त्यांचे नाईक होते, आणि घाटवाटांची व गावांची राखण करून त्याबद्दल हक्क घेण्याची त्यांची जुनी रीत होती. हे १८८० मध्ये मुंबई सरकारने छापलेल्या खानदेश गॅझेटियरमध्ये वाचायला मिळते. नव्या सत्तेला भिल्ल आवरेनात, म्हणून १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभी केली, तिचे ठाणे धरणगावला होते. ओसाड रानासाठी कोणी पलटण उभारत नाही. त्याहून बोलका पुरावा शेजारच्या डांगातला आहे. जहाजबांधणीसाठी तिथले सागवान हवे होते, तेव्हा १८४२ च्या सुमारास मुंबई सरकारने भिल्ल राजांशी जंगलाचे भाडेपट्टे केले. जमीन ज्याची नाही, त्याच्याकडून ती भाड्याने कोण घेईल? त्या राजांच्या वारसांना आजही दरवर्षी होळीच्या आधी आहव्याच्या डांग दरबारात सरकार मानधन देते.

मग मालकी बदलली कशी? १८७८ च्या वन कायद्याने. सरकारने अधिसूचना काढून एखादा प्रदेश राखीव वन करायचे ठरवले की चौकशीसाठी वन जमाबंदी अधिकारी नेमला जाई आणि दावे मांडायला किमान तीन महिन्यांची मुदत दिली जाई. त्या मुदतीत ज्याने दावा केला नाही, त्याचा हक्क संपला. अक्षरओळख नसलेल्या, कचेरीपासून दोन-तीन दिवसांच्या चालीवर राहणाऱ्या पाड्यांनी त्या मुदतीत काय करायला हवे होते? हा अन्याय आज मागे वळून पाहताना दिसतो असेही नाही. मद्रासच्या महसूल मंडळाने १८७१ मध्येच बजावले होते की त्या इलाख्यातले बहुतेक प्रत्येक जंगल कोणत्या ना कोणत्या गावाच्या हद्दीत येते. वनखात्याचे पहिले प्रमुख डीट्रिख ब्रँडिस यांनाही गावांचे वहिवाटीचे हक्क राखावेत असे वाटत होते. पण वनअधिकारी बेडन-पॉवेल यांच्या सरकारी मक्तेदारीच्या मताची सरशी झाली, आणि हक्क संपवण्याची तीच तरतूद १९२७ च्या कायद्यात उतरली. तो कायदा आजही लागू आहे. पुढे अन्नटंचाईच्या काळात ‘अधिक धान्य पिकवा’ म्हणत सरकारनेच वनजमिनी वर्षाच्या कराराने कसायला दिल्या. त्या ‘एकसाली’ प्लॉटांवर राबलेल्यांची नातवंडे आज अतिक्रमणदार म्हणवली जातात. वनखात्याने वेळोवेळी फाडलेल्या दंडाच्या पावत्या अनेक घरांत पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेल्या आहेत. ज्या कागदाने गुन्हेगार ठरवले, तोच आता त्या तारखेला माणूस तिथे कसत होता याचा सरकारी पुरावा आहे.

रिकाम्या भूमीची ही गोष्ट जगात इतरत्रही सांगितली जाते. रशियाने सायबेरिया ‘वसवला’ असे आपल्याकडे सहज लिहिले जाते. येरमाकच्या कोसॅकांनी १५८२ मध्ये सिबिरच्या खानाची राजधानी घेतली आणि १६३९ मध्ये इव्हान मोस्कवितिनची तुकडी ओखोत्स्क समुद्राला भिडली. या वाटेवर खांती, मान्सी, एवेंकी, याकूत, युकागिर राहत होते. त्यांच्याकडून सेबलच्या कातड्यांचा ‘यासाक’ हा कर वसूल होई आणि तो चुकू नये म्हणून त्यांची माणसे ओलीस ठेवली जात. चुकचींनी तर १७४७ मध्ये मेजर पावलुत्स्कीला लढाईत मारले. जिथून कर मिळतो ती भूमी निर्मनुष्य कशी? तिथे कराच्या वह्या साक्षीला आहेत, इथे भाडेपट्टे.

यावर एक आक्षेप रास्त आहे : जंगल वाचले पाहिजे, आणि सातपुड्याचे कित्येक डोंगर आज बोडके आहेत. खरे आहे. पण जहाजे, १८६० च्या दशकात खानदेशात आलेल्या रेल्वेचे स्लीपर, महायुद्धांची लाकडाची मागणी, पुढे ठेकेदारांची तोड, हे सगळे सोडून दोन एकर नाचणी-ज्वारी काढणाऱ्यालाच जाब विचारणे न्यायाचे नाही. अलीकडेही काही ठिकाणी झाडे तोडून जमीन धरली गेली आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र अशी जमीन धरणाऱ्यांना वनहक्क कायदा २००६ काहीच देत नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा सिद्ध करावाच लागतो. आणि आदिवासी जंगल राखू शकत नाहीत असे ज्यांना वाटते त्यांनी साक्री तालुक्यातले बारीपाडा पाहावे. तिथल्या गावकऱ्यांनी चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखले, आणि त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ ची पद्मश्री जाहीर झाली.

बाकीचे गैरसमज थोडक्यात निपटतात. पट्टा मिळाला की विकून टाकतात, हे कायद्याने शक्य नाही : ही जमीन वारसाने मिळते, विकता येत नाही, आणि विवाहितांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. हवी तेवढी जमीन मिळत नाही, कमाल मर्यादा चार हेक्टर आहे. कायदा फक्त आदिवासींसाठी नाही, तीन पिढ्या म्हणजे पंच्याहत्तर वर्षे वनावर अवलंबून राहिलेल्या इतरांनाही दावा करता येतो. दावा मंजूर होणे म्हणजे पुढाऱ्याची मेहेरबानी नव्हे, तो ग्रामसभा, उपविभागीय समिती आणि जिल्हा समिती अशा तीन चाळण्यांतून जातो. खोटे दावे असतात, ते एकेक तपासून फेटाळावेत. पण फेटाळला म्हणजे खोटाच होता, असेही नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला स्वतःच त्याला स्थगिती दिली, कारण फेटाळताना नियम पाळले गेले का हाच प्रश्न उभा राहिला.

चाकणच्या कारखान्यात किंवा सांगवीच्या बांधकामावर धडगाव-अक्कलकुव्याचा कुणी तुमच्यासोबत काम करत असेल आणि त्याच्या घरचा दावा नामंजूर झाला असेल, तर त्याला एवढे जरूर सांगा : नामंजुरीचे कारण लेखी मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि नामंजुरी ग्रामसभेची किंवा उपविभागीय समितीची असेल तर ते मिळाल्यापासून साठ दिवसांत वरच्या समितीकडे अपील करता येते.