सोलरने वीजबिल कमी करायचे? आधी छप्पर कोणाचे ते पाहा

मार्च सरून उकाडा सुरू झाला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या घराघरांत वीजबिलाचा आकडा चढू लागतो. त्याच सुमारास मोबाइलवर "मोफत वीज", "शून्य बिल" अशा जाहिराती फिरतात. मग वस्तीत, सोसायटीत, विहारात एकच प्रश्न निघतो: सोलर बसवले तर बिल खरोखर कमी होते का?

होते. पण सगळ्यांचे सारखे होत नाही. ते दोन गोष्टींवर ठरते. घरात महिन्याला किती युनिट वीज लागते आणि डोक्यावरचे छप्पर कोणाच्या हक्काचे आहे. जाहिरातीत पहिली गोष्ट अर्धवट सांगितली जाते, दुसरी सांगितलीच जात नाही. म्हणून हा विषय सविस्तर मांडण्याचे आम्ही ठरवले.

वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, हा आग्रह आपल्या समाजाला नवा नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी विजेचा संबंध थेट उद्योगांशी आणि गरिबीतून सुटण्याशी जोडला होता. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. वीज कोणाला मिळते आणि कोणत्या भावाने मिळते, हा प्रश्न तेव्हाही समतेचा होता आणि आजही आहे.

आधी बिल वाचा

महावितरणच्या घरगुती बिलात युनिटचे टप्पे असतात: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. टप्पा चढला की दर चढतो. शिवाय स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क असते.

सोलरची वीज बिलातून वजा होते ती वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यापासून. म्हणून एसी, गिझर, फ्रिज असलेल्या, महिन्याला ३०० ते ४०० युनिट जाळणाऱ्या घराला फायदा मोठा होतो. दोन पंखे, टीव्ही, चार दिवे एवढाच वापर असलेल्या ८०-९० युनिटच्या घरात मुळात स्वस्त युनिटच वाचतात, त्यामुळे रुपयांतली बचत कमी असते. स्थिर आकार मात्र दोघांनाही भरावा लागतो. तेव्हा "शून्य बिल" हा शब्द जाहिरातीपुरताच समजावा.

किती किलोवॅट लागेल?

आपल्या भागात १ किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो. त्यासाठी साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. मागच्या १२ महिन्यांची बिले काढा, युनिटची बेरीज करून १२ ने भागा. सरासरी २४० आली तर २ किलोवॅट पुरते, ३६० आली तर ३ किलोवॅट. गरजेपेक्षा मोठा संच बसवण्यात फायदा नाही, कारण पुढे नेट मीटरच्या हिशोबात दिसेल.

ठाणे शहरात एक अडचण वेगळी आहे. शेजारी टॉवर उभा राहिला की जुन्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर अर्धा दिवस सावली पडते. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून बसवतात. म्हणून दक्षिण बाजूला काय आहे, तिथे नवे बांधकाम येणार आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहावे.

नेट मीटर म्हणजे काय?

दुपारी घरात कोणी नसताना तयार झालेली वीज महावितरणच्या तारांमध्ये जाते. रात्री आपण तारांमधून वीज घेतो. नेट मीटर दोन्ही मोजतो आणि बिल फरकाचे येते. एखाद्या महिन्यात आपण दिलेली वीज जास्त झाली तर ते युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात.

हे खाते आर्थिक वर्षाचे, एप्रिल ते मार्च असते. ही गोष्ट कोकणपट्टीला सोयीची आहे. एप्रिल-मेमध्ये साठलेले युनिट जून ते सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांत उपयोगी पडतात. ३१ मार्चला जे युनिट उरतात, त्यांचे पैसे मिळतात, पण आपण विजेला देतो त्याहून कमी दराने. म्हणूनच मोठा संच लावून वीज विकू, हा विचार घरगुती ग्राहकाने करू नये.

आणखी एक. बॅटरी नसलेला असा संच परिसरातली वीज गेली की आपोआप बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय आहे. सोलर घेतले म्हणजे इन्व्हर्टर-बॅटरीची गरज संपली, असे नाही.

अनुदान किती?

केंद्राची "पीएम सूर्यघर मोफत वीज योजना" फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार रुपये मिळतात. ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८ हजार. ही रक्कम संच सुरू झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते.

हिशोब असा करावा. अनुदान वजा जाता खिशातून एक लाख रुपये गेले आणि बिल महिन्याला २,५०० वरून ३०० वर आले असे धरू. बचत २,२०० रुपये. ४६ महिन्यांत, म्हणजे चार वर्षांच्या आत पैसे वसूल. पॅनल साधारण २५ वर्षे चालतात. तुमचे आकडे वेगळे असतील, पण पद्धत हीच.

कमी वापराच्या कुटुंबांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये "स्मार्ट" ही रूफटॉप योजना आणली. महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्या घरांना ती १ किलोवॅटसाठी जादा मदत देते. केंद्राच्या ३० हजारांवर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला १५,००० आणि सर्वसाधारण गटाला १०,००० रुपये. संचाची किंमत ५० हजार धरली तर आपला हिस्सा अनुक्रमे २,५००, ५,००० आणि १०,००० रुपये राहतो. लाभार्थ्यांची संख्या मर्यादित आहे. आपल्यातल्या पात्र कुटुंबांनी दाखले तयार ठेवून लवकर चौकशी करावी.

खरी मेख: छप्पर

ज्या कुटुंबाला ही मदत सर्वांत जास्त हवी, ते बहुधा चाळीत, भाड्याच्या खोलीत किंवा कागदपत्रे नसलेल्या इमारतीत राहते. अनुदान आहे, पण पॅनल ठेवायला हक्काची जागा नाही. यावर कोणाकडे जादूचा उपाय नाही. तरी काही वाटा आहेत.

स्वतःचे घर असेल तर पहिले काम मीटरच्या नावाचे. अनेक घरांत बिल अजून दिवंगत वडिलांच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर येते. अर्जदार, वीजबिल आणि बँक खाते यांचे नाव जुळले नाही तर अनुदान अडते. नाव बदलून घ्यावे, थकबाकी भरावी. सिमेंट पत्र्यांच्या छपरावर थेट पॅनल बसवू नयेत. खाली लोखंडी सांगाडा हवा आणि भिंत तो भार पेलते का हे जाणकाराला दाखवावे.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्ची सगळ्या सभासदांची असते. एकट्याला परवानगी मिळणे कठीण आणि मिळाली तरी वाद. त्यापेक्षा लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोसायटीने संच घ्यावा. सोसायटीला सामायिक वापरासाठी दर किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे. १० किलोवॅटचा संच घेतला तर १ लाख ८० हजार. महिन्याला सुमारे १,२०० युनिट वाचले की त्याचा भार प्रत्येक घराच्या मेंटेनन्समधून उतरतो. ज्याचे स्वतःचे बिल फक्त ९० युनिटचे आहे, त्यालाही यात वाटा मिळतो.

विहारांनीही हा विचार करावा. मात्र ही योजना घरांसाठी आणि गृहनिर्माण सोसायट्यांसाठी आहे, म्हणून विहाराचा हिशोब अनुदानाशिवाय मांडावा. विहारात वीज लागते ती मुख्यतः संध्याकाळी. वर्षावासातले ग्रंथवाचन तर ऐन पावसाळ्यात असते, जेव्हा पॅनल कमी वीज देतात. नेट मीटरमुळे उन्हाळ्याचे युनिट तेव्हा कामी येतात.

पैसे देण्यापूर्वी

अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर स्वतः करावा किंवा घरातल्या शिकलेल्या मुलामुलीकडून करून घ्यावा. अर्जासाठी बिलावरचा ग्राहक क्रमांक, आधार आणि बँक पासबुक लागते. कळवा, मुंब्रा, दिवा भागात १ मार्च २०२० पासून टोरेंट पॉवर महावितरणची फ्रँचायझी आहे. तिथल्या ग्राहकांनी नेट मीटरची चौकशी त्यांच्या कार्यालयात करावी.

पुरवठादार पोर्टलच्या यादीतलाच घ्यावा आणि किमान तिघांकडून लेखी दर मागवावेत. अनुदानासाठी पॅनल भारतीय बनावटीचे असणे बंधनकारक आहे, ते बिलावर लिहून घ्यावे. पाच वर्षांची देखभाल करारात असावी. "अनुदान मंजूर करून देतो" म्हणून कोणी टक्केवारी मागितली तर एक रुपयाही देऊ नये.

देखभालीचा धडा आपल्याच शहरात आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेने नव्या इमारतींना सौर पाणीतापक बंधनकारक केले होते. तुमच्या गच्चीवर तो असेल तर चालू आहे का ते आधी पाहा. सोलर पॅनलवर रस्त्याची आणि कारखान्यांची धूळ बसली की वीज घटते. पावसाळा सोडून दर पंधरा दिवसांनी सकाळी साध्या पाण्याने ते धुवावे लागतात. हे काम कोणाचे, हे ठरावातच लिहिलेले बरे.

सोसायटीची पुढची सर्वसाधारण सभा येईल तेव्हा बारा महिन्यांची सामायिक वीजबिले सोबत घेऊन जा आणि हा विषय अजेंड्यावर घ्यायला लावा. एकट्याने मिळवता येत नाही ते छप्पर एकत्र येऊन मिळते. संघटित होण्याचा अर्थ कधी कधी इतका साधाही असतो.