नाण्यावरचं देऊळ आणि गळ्यातली पुतळी

गेल्या महिन्यात आमच्या गोराईच्या बचत गटाची बैठक होती. हिशेब बाजूलाच राहिला आणि तासभर एका पाच रुपयांच्या नाण्यावरच बोलणं झालं. गटातल्या एका ताईंना मोबाईलवर निरोप आला होता, वैष्णोदेवीचं नाणं असेल तर लाखो रुपये मिळतील म्हणून. नाणं ताईंच्या डब्यात होतं. नोंदणीसाठी म्हणून पंधराशे रुपये मागितले, ते त्यांनी भरले. मग जीएसटीच्या नावाने आणखी मागितले, तेव्हा कुठे त्यांनी गटात तोंड उघडलं.

ते नाणं 2012 सालचं, चलनात आलेलं. त्याचे लाख कोण देणार? अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच लोकांना सावध केलं होतं. जुनी नाणी विकून देण्यासाठी बँक कुणाकडून फी घेत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर फोन करायचा.

पण त्या बैठकीत एकीने विचारलं, "नाण्यावर देव, देऊळ काढायची रीत आली तरी कुठून?" ते आम्हाला शोधावंसं वाटलं.

रीत फार जुनी, आणि त्यात रोमचे कारागीर मोठे सराईत. दोन हजार वर्षांपूर्वी वर्तमानपत्र नव्हतं, रेडिओ नव्हता. राजाने देऊळ बांधलं, लढाई जिंकली, हे गावोगाव कळवायचं तर ते नाण्यावर छापायचं. नाणं आपोआप हातोहात फिरतं. रोममध्ये जेनस नावाच्या देवाचं देऊळ होतं. लढाई चालू असली की त्याची दारं उघडी, शांतता असली की बंद. नीरो बादशहाने बंद दारांचं ते देऊळ नाण्यावर काढलं. म्हणजे काय, तर माझ्या राज्यात सगळीकडे शांतता आहे. जाहिरातच म्हणा ना!

चांदीचं रोमन नाणं आपल्या एक रुपयाहूनही लहान असायचं. एवढ्याशा जागेत अख्खं देऊळ बसवायचं, आणि आतला देवही दिसला पाहिजे. मग कारागीर काय करायचा? खऱ्या देवळाला समोर सहा खांब असले तर नाण्यावर चारच काढायचा, मधले दोन बाजूला सरकवायचा आणि त्या फटीत मूर्ती उभी करायचा. म्हणून अशी नाणी जमवणारे लोक भिंग लावून खांब मोजत बसतात. आम्हाला आधी हसू आलं, पण रांगोळीत देऊळ काढताना आपणही तेच करतो की.

बायकांची गोष्टही त्यात आहे. फॉस्टिना राणी वारली तेव्हा तिच्या नावाने रोममध्ये देऊळ बांधलं आणि ते तिच्या नाण्यावर आलं. नवरा अँटोनिनस बादशहा पुढे 161 साली वारला, तेव्हा त्याचं नाव त्या देवळावर वाढवलं. आधी बायकोचं नाव, मग नवऱ्याचं! त्या देवळाचे खांब आजही उभे आहेत. दुसरी राणी जूलिया डोम्ना. तिच्या नाण्यावर वेस्टा देवीचं गोल देऊळ आहे आणि त्यापुढे सहा बायका पूजा करताहेत. देवीचा अग्नी विझू न देणं हे त्या बायकांचं काम.

हे सगळं दूरचं वाटेल. पण आपल्या गोराईहून उत्तनकडे गेलं की वसईची खाडी लागते, आणि खाडीपलीकडे सोपारा. त्या काळातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या वाटाड्या पुस्तकात सोपारा, कल्याण, चौल या आपल्या बंदरांची नावं आहेत. घाटावरचं पैठण आणि तेर यांचीही. मिरी, कापड, रत्नं तिकडे जायची आणि तिकडून सोनं-चांदी यायची. हिंदुस्थान दर वर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवली आहे. सेस्टर्स म्हणजे त्यांचं नाणं.

इकडे आलेल्या त्या सोन्याचं पुढे काय झालं? बरंचसं वितळलं असेल. पण दक्षिणेत भोकं पाडलेली, कडी लावलेली रोमन नाणी सापडली आहेत. म्हणजे कुणीतरी गळ्यात घातली होती. तेरला तर रोमन नाण्यांवरून केलेली मातीची पदकं मिळाली. ज्यांना सोनं परवडत नव्हतं, त्यांनी मातीवर हौस भागवली असेल, असं आम्हाला वाटतं.

आपल्या पुतळ्यांचीही कुळी अशीच. इटलीतल्या व्हेनिस शहरात 1284 पासून साडेतीन ग्रॅमचं सोन्याचं नाणं पडू लागलं. त्यावर एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राजप्रमुख आणि दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या चौकटीत येशू. व्यापारातून ते इकडे आलं. त्यावरच्या माणसांवरून नाव पडलं पुतळी. सोनारांनी नकला केल्या आणि पुढे त्यावर राम-सीता, लक्ष्मी आली.

तेव्हा सासूबाईंच्या पेटीत जुनी पुतळी असली तर मोडीत घालण्याआधी भिंगातून पाहून घ्या. चिंच, राख, पितांबरी लावून घासू नका. घासलं की अक्षरं जातात, आणि अक्षरांवरच तर किंमत असते. नाणं कडेने धरायचं.

शेतात किंवा पाया खणताना जुनं नाणं सापडलं तर मात्र ते आपल्या मर्जीने विकता येत नाही. 1878 चा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवलं तर हक्क जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं आणि मूळ मालक निघाला नाही, तर जमीन दुसऱ्याची असली तरी सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक, अशी वाटणी कायद्यातच लिहिली आहे. सरकारला ते ठेवून घ्यायचं असेल तर सोन्या-चांदीच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त द्यावा लागतो. हे सोनार सांगणार नाही, म्हणून आम्ही सांगतोय.

आमच्या ताईंनी 1930 वर तक्रार नोंदवली. पंधराशे अजून परत आले नाहीत. नाणं त्यांनी त्याच संध्याकाळी बोरिवलीच्या बोटीच्या तिकिटात देऊन टाकलं.