119 दिवस चालतं, 121 दिवस नाही: गाभण घोडी आणि नियमातला आकडा

एंड्युरन्स म्हणजे घोड्यांची लांब पल्ल्याची शर्यत, एका दिवसात 160 किलोमीटरपर्यंत. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमानुसार 120 दिवसांपेक्षा जास्त गाभण असलेली किंवा अंगावर पिणारं शिंगरू असलेली घोडी स्पर्धेत उतरवता येत नाही. घोडीचा गाभणकाळ साधारण 340 दिवसांचा. मग 119व्या आणि 121व्या दिवसात तिच्या पोटात असं काय बदलतं?

एका रात्रीत काहीच नाही. गर्भाचं बहुतेक वजन शेवटच्या तीन-चार महिन्यांत वाढतं. त्यामुळे 120 ही सुरक्षित अंतर ठेवून आखलेली प्रशासकीय रेषा आहे. तिच्या अलीकडे धोका शून्य, असा अर्थ काढला की आपण फसतो.

आता दुसरं टोक बघा. 2009 मध्ये मॉर्टेन्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 30 अंशांहून जास्त तापमानात, दमट हवेत घोड्यांना रोज 30 मिनिटं व्यायाम दिला. त्यांच्या शरीराचं तापमान 38 वरून 40 अंशांच्या आसपास गेलं. नंतर गर्भाशयातून भ्रूण मिळवताना व्यायामाच्या गटात यश 34 टक्के, विश्रांतीच्या गटात 63 टक्के. म्हणजे नियम ज्या काळात मोकळीक देतो, त्याच्या अगदी सुरुवातीलाच मोठा फरक दिसला.

पण थांबा, इथेच पेपर वाचायची सवय कामी येते.

एक, हे भ्रूण जेमतेम आठवडाभराचे होते. साठाव्या दिवसाबद्दल हा अभ्यास काहीच सांगत नाही.

दोन, नुकसान मेहनतीमुळे की उष्णतेमुळे? दोन्ही गट उन्हाळ्यातलेच. हे वेगळं करायचं तर थंड हवेत तोच व्यायाम करणारा तिसरा गट लागेल.

तीन, 'माझी घोडी गाभण असताना पळाली, काही झालं नाही' हा पुरावा नव्हे. पळवल्या जातात त्या मुळातच धडधाकट घोड्या. आणि ज्यांचा गर्भ पहिल्या दोन आठवड्यांत गेला, त्या गाभण होत्या हे मालकाला कळलंच नाही. याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात.

हाच प्रश्न आपल्या जंगलातही आहे. गडचिरोलीतल्या कमलापूरच्या सरकारी हत्ती कॅम्पमधले हत्ती पूर्वी लाकूड ओढायचे. हत्तिणीचा गाभणकाळ जवळपास 22 महिन्यांचा. केरळच्या 2003 च्या नियमांत 12 महिन्यांनंतर तिला काम द्यायचं नाही, असं होतं. घोडीची रेषा गाभणकाळाच्या साधारण 35 टक्क्यांवर, हत्तिणीची 55 टक्क्यांवर. प्राणी, काम आणि नियम करणारे बदलले की आकडाही बदलतो.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये 'गाभण प्राण्याने काम करावं का?' असं लिहू नका. कितव्या दिवशी, किती तापमानात, किती वेळ काम, आणि काय मोजणार, हे चार तुकडे लिहा. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि त्याच दिवसांत वरातीच्या घोड्या रस्त्यावर असतात. उद्या एखाद्या घोडीवाल्याने विचारलं, 'दोनच महिन्यांची आहे, चालेल ना?' तर नियमातला आकडा दाखवून मोकळे होऊ नका. आधी विचारा: कोणत्या वेळी, किती उन्हात, किती तास?