हनुवटी कशाने वाढते? (लेखांक पाचवा)

पनवेलजवळच्या विचुंबे, देवद, सुकापूर या पट्ट्यात शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, पाठोपाठ दातांचे दवाखाने आले. दंत महाविद्यालयं कामोठ्याला आणि खारघरला, म्हणजे जवळच. त्यामुळे दुसरी-तिसरीतल्या मुलाचे वरचे दात पुढे दिसू लागले की आईवडिलांपुढे लगेच प्रश्न येतो : आत्ताच काही करायचं, की थांबायचं? लवकर उपचार केला तर खालचा जबडा वाढेल, हनुवटी पुढे येईल, चेहरा सुधारेल, असं त्यांना अनेकदा ऐकवलं जातं. आठव्या वर्षी उपचार करण्याची चांगली कारणं आहेत. पण पुरावा पाहता हनुवटी त्यांत बसत नाही, असं माझं मत आहे.

मुळात आठ वर्षांच्या मुलाचा चेहरा अर्धवट असतो. मेंदूभोवतीची कवटी सहा-सात वर्षांपर्यंत जवळजवळ पूर्ण वाढते, वरचा जबडा तिच्यामागून, आणि खालचा जबडा सर्वांत शेवटी. त्याला खरा वेग येतो तो उंचीबरोबर, मुलींमध्ये साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी आणि मुलांमध्ये आणखी दोनेक वर्षांनी. मुलांचा जबडा तर अठरापर्यंतही थोडा वाढत राहतो. म्हणून प्राथमिक शाळेतल्या बहुतेक मुलांची हनुवटी लहानच दिसते. या वयात दोन्ही जबड्यांत बसवायचा, काढता-घालता येणारा ट्विन ब्लॉक दिला, आणि दोन वर्षांनी फोटो शेजारी ठेवले, तर फरक दिसणारच. तो उपकरणाचा किती आणि वाढीचा किती, हे फोटो सांगू शकत नाही.

ते कळण्यासाठी उपचार न केलेली मुलंही सोबत मोजावी लागतात. ब्रिटनमध्ये केव्हिन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. आठ ते दहा वर्षांची १७४ मुलं त्यांनी चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत वाटली. एका गटाला ट्विन ब्लॉक, दुसऱ्याला तूर्त काहीच नाही. २००३ साली निष्कर्ष आले. पुढे आलेले दात मागे गेले, पण ते मुख्यतः दातच हलल्यामुळे. हाडातला फरक जेमतेम दोन मिलिमीटरच्या आसपास होता. थांबलेल्या मुलांवर पुढे किशोरवयात उपचार झाले, तेव्हा शेवटी दोन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले. अमेरिकेतल्या अशा चाचण्यांचाही सूर तोच आहे.

मग लवकर उपचार फुकट का? नाही. पुढे आलेले दात खेळताना, पडताना आधी आपटतात, आणि लवकर उपचाराने ही दुखापत कमी होते, हे याच चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसलं. दुसरं कारण मनाचं. ब्रिटनमधल्या उपचार झालेल्या मुलांचा स्वतःविषयीचा विश्वास त्या काळात वाढला. शाळेत रोज चिडवलं जाणाऱ्या मुलीला ‘पाच वर्षं थांब’ म्हणणं सोपं नसतं, आणि तिच्यासाठी उपचार आधी करायला माझी हरकत नाही. फक्त कारण खरं सांगितलं जावं, म्हणजे आईवडील खर्च डोळे उघडे ठेवून करतील.

यावर एक वजनदार आक्षेप आहे : चेहरा फक्त आनुवंशिकतेने ठरत नाही, श्वास आणि अन्न त्याला घडवतात; मग लहानपणीच हात का घालू नये? आक्षेपाचा पहिला भाग बरोबर आहे. एगिल हार्वोल्ड यांनी माकडांची नाकं बुजवली, तेव्हा त्यांच्या जबड्यांची ठेवण बिघडली, मात्र प्रत्येकाची वेगळ्या तऱ्हेने. स्वीडनमध्ये लिंडर-अरोन्सन यांना नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी काढल्यावर मुलांच्या खालच्या जबड्याच्या वाढीची दिशा काही अंशी सुधारलेली आढळली. आपल्याकडे चंदीगड आणि भोवतालच्या खेड्यांची तुलना करणाऱ्या रॉबर्ट कोरुचिनी यांना शहरी तरुणांत वाकडे दात जास्त दिसले. मऊ अन्नाने चावणं कमी झालं, हे त्यांचं स्पष्टीकरण. पण यातून निष्पन्न काय होतं? तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्या, रोज घोरणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावं. बांधकामांच्या धुळीत राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे टाळूच नये. यातलं काहीही ट्विन ब्लॉकने हनुवटी वाढते हे सिद्ध करत नाही. आणि जीभ टाळूला लावून चेहरा बदलण्याचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांच्यामागे तर अशी एकही भक्कम चाचणी नाही.

मात्र खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, तर ‘थांबा’ हा सल्ला चुकीचा ठरू शकतो. सात ते नऊ वर्षांच्या अशा ७३ ब्रिटिश मुलांपैकी काहींना वरचा जबडा पुढे ओढणारा फेसमास्क दिला गेला. सहा वर्षांनी त्यांच्यातल्या ३६ टक्क्यांना जबड्याच्या शस्त्रक्रियेची गरज असल्याचं ठरलं. फेसमास्क न लावलेल्यांत ते प्रमाण ६६ टक्के होतं. म्हणून सातव्या वर्षी एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवावं, आणि त्यांना विचारावं : या मुलाच्या बाबतीत थांबल्याने नेमकं काय बिघडेल?