चौदा पोत्यांत नवी मुंबई

सिडकोने 1970 पासून वसवत आणलेल्या नवी मुंबईचे क्षेत्रफळ 344 चौरस किलोमीटर आहे. ऐरोलीपासून उलव्यापर्यंतच्या टेकड्या, पाणथळी, इमारती, मॉल आणि नवा विमानतळ हे सगळे त्यात आले. एवढी जमीन झाकायला जितका पृष्ठभाग लागेल, तितका चांगल्या ॲक्टिवेटेड कार्बनच्या 344 किलोंत दडलेला असतो. म्हणजे 25 किलोची चौदा पोती. वाशीच्या बाजारातला एक छोटा टेम्पो ती आरामात नेईल.

हिशेब सरळ आहे. कच्चा माल आणि भट्टी कशी आहे त्यावर ग्रॅममागे 500 ते 1,500 चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. मी हजार धरले. विमानतळाची 1,160 हेक्टर जागा झाकायला या मापाने सुमारे साडेअकरा किलो पुरतात. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सीमारेषा चोहीकडून 70 मीटरवर आखली, तर आतल्या मैदानाला पंधरा ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. आणि पंधरा ग्रॅम कार्बन मिळतो एका करवंटीतून. दीडशे ग्रॅमची करवंटी हवा कोंडून जाळली की पंचेचाळीसेक ग्रॅम कोळसा उरतो. त्यावर 900 अंशांच्या आसपासची वाफ सोडली की ती कोळसा आतून कुरतडत जाते आणि पंधरा-वीस ग्रॅम सच्छिद्र कार्बन हाती येतो. नारळी पौर्णिमेला दिवाळे-सारसोळ्याचे कोळी जो नारळ पाण्याला वाहतात, त्याच्या पोटात असे एक मैदान असते.

कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा घेतला आणि त्याच्या दोन्ही बाजू मोजल्या, तर एका ग्रॅमचे क्षेत्रफळ सुमारे 2,630 चौरस मीटर भरते. म्हणजे हजारवाल्या कार्बनमधली सरासरी भिंत तीन अणूंइतकीही जाड नाही. हातात घेतला की खडीसारखा कडक लागणारा हा दाणा बहुतांशी पोकळच असतो.

हे आकडे वाचून घरात प्रवाळ-माशांची समुद्री टाकी ठेवणारा आणि तिचे पाणी गाळायला हा कार्बन घेणारा माणूस हरखतो, आणि पाकिटावर ज्याचे क्षेत्रफळ सगळ्यात मोठे ते उचलतो. माझे म्हणणे असे की प्रवाळाच्या टाकीसाठी तो आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे.

कारण तो कसा मोजतात ते पाहा. ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांनी 1938 साली मांडलेल्या पद्धतीत कार्बन उणे 196 अंशांपर्यंत गार करतात, त्यावर नायट्रोजन सोडतात आणि किती रेणू भिंतींना चिकटले ते मोजतात. नायट्रोजनचा रेणू एका नॅनोमीटरच्या निम्म्याहूनही लहान. त्याला ज्या फटीत शिरता येते, त्या प्रत्येक फटीची भिंत हिशेबात धरली जाते. आयोडीन नंबर हा पाकिटावरचा दुसरा लाडका आकडा. तो 1,000 असेल तर एक ग्रॅम कार्बन आपल्याच वजनाइतके आयोडीन धरतो. रेणूंत सांगायचे तर सुमारे 2.4 कोटी कोटी कोटी. जगातल्या 800 कोटी माणसांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला 29 हजार कोटींहून जास्त येतील. थक्क व्हायला हरकत नाही, पण आयोडीनही लहानच पाहुणा आहे.

टाकीतला पाहुणा अंगाने मोठा असतो. पाणी काही महिन्यांत पिवळसर करणारे सेंद्रिय रेणू एक ते काही नॅनोमीटरचे असतात. दोन नॅनोमीटरहून अरुंद छिद्रांना सूक्ष्म छिद्रे म्हणतात, दोन ते पन्नास नॅनोमीटरच्या छिद्रांना मध्यम. साधारण 80 हजार नॅनोमीटर जाडीच्या केसावर सूक्ष्म छिद्रे ओळीने मांडली तर 40 हजार मावतील. करवंटीच्या कार्बनचे बहुतेक सगळे क्षेत्रफळ या सूक्ष्म छिद्रांत असते. म्हणजे दोन चमच्यांतल्या त्या मैदानाचा मोठा भाग पिवळ्या रेणूला बंदच. बिट्यूमिनस दगडी कोळशापासून केलेल्या कार्बनचे क्षेत्रफळ कागदावर कमी भरते, पण त्यात मध्यम छिद्रांचा वाटा मोठा असतो. लिग्नाइटच्या कार्बनमध्ये आणखी मोठा. टाकीपुरते हेच क्षेत्रफळ कामाचे.

गंमत म्हणजे त्याच घरात करवंटीच्या कार्बनला पहिला मान देण्याची जागाही आहे. खाडीचे पाणी टाकीत ओतायचा विचार कोणी शहाणा करणार नाही. खालापूरजवळच्या मोरबे धरणातून नळाला आलेले पाणी आरओतून काढायचे, त्यात लिटरला 35 ग्रॅम मीठ कालवायचे आणि घरातच समुद्र करायचा, हा रिवाज. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो लहान असल्यामुळे करवंटीचा कार्बन त्याला चोख हाताळतो. म्हणून आरओच्या काडतुसात करवंटी आणि टाकीच्या संपमध्ये, म्हणजे तिला जोडलेल्या गाळण-टाकीत, दगडी कोळसा, अशी कामाची वाटणी योग्य.

आता टाकीतल्या घाणीचे वजन करू. 100 गुणिले 45 गुणिले 45 सेंटिमीटरची टाकी म्हणजे सुमारे 200 लिटर. त्यात मीठ सात किलो, आणि कार्बन त्याच्या वाटेला जात नाही. उघड्या समुद्रात विरघळलेला सेंद्रिय कार्बन लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास असतो. खाणे पडणाऱ्या बंद टाकीत तिप्पट धरला तरी 200 लिटरमध्ये 0.6 ग्रॅम. सात किलो मिठातून नेमका अर्धा-पाऊण ग्रॅम ऐवज उचलायचा आहे! त्यासाठी पन्नास ग्रॅम कार्बन ठेवला तरी त्याचे क्षेत्रफळ पाच हेक्टर होते. टाकीच्या पाचही काचा मिळून जेमतेम पावणेदोन चौरस मीटर भरतात. जागेची टंचाई कधीच नसते. अडचण असते ती पोहोचण्याची.

आणि ही पोहोच वेळ खाते. शंभर मिलिलिटर कार्बन रिॲक्टरमध्ये, म्हणजे पाणी ज्यातून ढकलतात त्या नळकांड्यात, भरून ताशी 300 लिटर पाणी सोडले, तर पाण्याला एका फेरीत कार्बनजवळ थांबायला मिळतात 1.2 सेकंद. दिवसाला 36 फेऱ्या होतात, म्हणजे चोवीस तासांत एकूण 43 सेकंद. तेवढ्यात रेणूला दाण्यावर पोहोचून आत शिरायचे असते. एक मिलिमीटरच्या दाण्याचा मध्य पृष्ठभागापासून अर्धा मिलिमीटर आत. दोन नॅनोमीटरच्या रेणूला ते अंतर स्वतःच्या लांबीच्या अडीच लाख पट पडते. माणसाच्या उंचीच्या मापात हा वाशीहून कोल्हापूर ओलांडून पुढे जाणारा सव्वाचारशे किलोमीटरचा प्रवास झाला, तोही अंगाला घासणाऱ्या बोगद्यांतून, दिशा ठरलेली नसताना. अशा भटकंतीला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. दाण्याची जाडी निम्मी केली की वेळ चौथ्या हिश्शावर येतो. पेन्सिलीएवढ्या जाड कांड्यांचा कार्बन समुद्री टाकीत का सुस्त वाटतो, त्याचे उत्तर इथे आहे. एक मिलिमीटरच्या आसपासचा दाणा घ्यावा. त्याहून फार बारीक घेतला तर तो गच्च बसतो आणि पाणी अडवतो.

पिवळेपणा घालवणे हे निम्मे काम. मऊ प्रवाळ शेजाऱ्याला दूर ठेवण्यासाठी टर्पीनसारखी रसायने पाण्यात सोडतात. समुद्रात ती वाहून जातात. 200 लिटरमध्ये जाणार कुठे? अनेक जाती एकत्र ठेवलेल्या टाकीत कार्बन लागतो तो मुख्यतः या भांडणासाठी. (दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या पाण्यातून ‘एवढासा तुकडा’ उचलून आणणे हा गुन्हाच आहे.)

मग सगळ्यात मोठ्या छिद्रांचा लिग्नाइट का घेऊ नये? तो मऊ असतो, दाणे एकमेकांवर घासून भुकटी होते. अमेरिकेतल्या टोलेडो प्राणिसंग्रहालयाच्या जे हेमडाल आणि अँड्र्यू ओडम यांनी 2011 साली सर्जनफिशवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. लिग्नाइट कार्बन वापरलेल्या पाण्यातल्या माशांच्या डोक्यावर आणि अंगावरच्या रेषेत खड्डे पडले. कार्बन नसलेल्या पाण्यातले मासे ठीक राहिले. हौशी लोक ज्यांना ‘टँग’ म्हणतात ते याच कुळातले. संशय बारीक भुकटीवर आहे. म्हणून कार्बन कोणताही असो, आरओच्या पाण्यात काळे पाणी येणे थांबेपर्यंत धुवायचा आणि रिॲक्टरमध्ये उकळल्यासारखा उडू द्यायचा नाही.

फॉस्फेटची गोष्टही अशीच बारीक प्रमाणाची. काही कार्बन वाफेऐवजी फॉस्फोरिक आम्लाने तयार करतात आणि त्यातून फॉस्फेट पाझरू शकते. प्रवाळाच्या टाकीत लिटरला मिलिग्रॅमचा दहावा भागही जास्त मानतात. 200 लिटरमध्ये ते 20 मिलिग्रॅम होते, म्हणजे मिठाच्या चिमटीहूनही कमी. नव्या पाकिटातला चमचाभर कार्बन आरओच्या पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी फॉस्फेटची चाचणी लावा. रंग चढला तर ते पाकीट परत करा.

प्रमाणाचे म्हणाल तर 200 लिटरला पन्नास ग्रॅमपासून सुरुवात करावी आणि तीन-चार आठवड्यांनी बदलावा. महिनोन्महिने पिवळ्या राहिलेल्या टाकीत एकदम मोठा डोस टाकू नये. पाणी एका रात्रीत नितळ झाले की दिव्यांचा उजेड प्रवाळावर अचानक वाढतो आणि ते पांढरे पडू शकतात. पहिल्या आठवड्यात वीसेक ग्रॅम पुरे.

दुकानात मात्र क्षेत्रफळाचा आकडा आधी विचारू नका. कच्चा माल कोणता, दाणा किती मिलिमीटरचा, वाफेने तयार केला की फॉस्फोरिक आम्लाने आणि बोटांत चुरगळतो का, एवढे विचारा. यातले काहीच पाकिटावर नसेल आणि चौरस मीटर तेवढे ठळक छापले असतील, तर ते पाकीट दुकानातच राहू द्या.