कूपनलिकेचे यश जाळीच्या खाचांवर

कूपनलिकेचे पाणी कमी झाले की भूजल आटले, असे गृहीत धरले जाते. मात्र अनेकदा दोष जमिनीत नसून आत उतरवलेल्या जाळीच्या पाइपात असतो.

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. तेथे विंधन विहिरीच्या भिंती खडकामुळे आपोआप टिकतात. वरच्या मऊ थरापुरता पाइप पुरतो. जळगाव ते अमरावतीदरम्यानच्या तापी-पूर्णा खोऱ्यातील गाळाच्या पट्ट्यात मात्र वाळू व चिकणमातीचे थर आहेत. तेथे खाचा पाडलेला पाइप अनिवार्य ठरतो. पाणी आत घेणे आणि वाळू बाहेर रोखणे ही त्याची दुहेरी जबाबदारी.

खाचा रुंद असल्यास वाळू आत येते, पंप झिजतो आणि विहिरीचा तळ भरत जातो. खाचा अपुऱ्या असल्यास पाणी वेगाने शिरते, उपशाच्या वेळी विहिरीतील पातळी अधिक खाली जाते आणि विजेचा खर्च वाढतो. दाब घटल्याने पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वायू मुक्त होऊन चुन्याचे क्षारही खाचांवर साचतात. त्यामुळे खाचांतून शिरणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा, असा संकेत आहे.

खाचेची रुंदी अंदाजाने नव्हे, तर खोदाईत निघालेली वाळू चाळून ठरवावी लागते. बारीक वाळूच्या थरात पाइपाभोवती वाळूच्या सुमारे ४ ते ६ पट आकाराचे गोलसर खडे भरतात आणि त्यांतील ९० टक्के बाहेर राहतील एवढीच खाच ठेवतात. जाळी वाळूच्या थरासमोर, तर चिकणमातीसमोर साधा पाइप हवा. विहिरीचा व्यास दुप्पट केल्याने पाणी साधारण १० टक्केच वाढते. जाड वाळूथरात जाळीची लांबी वाढवणे अधिक लाभदायक ठरते.

नव्या कूपनलिकेची स्थिर पातळी, मिनिटाला मिळणारे पाणी आणि उपशाने होणारी घट यांची नोंद म्हणूनच मोलाची आहे. पुढे पाणी घटले आणि स्थिर पातळीही खालावलेली आढळली, तर भूजलच कमी झाले आहे. स्थिर पातळी तीच असून तेवढ्याच उपशाला घट वाढली असेल, तर जाळी चोंदल्याची शक्यता अधिक. अशा वेळी नव्या खोदाईवर पैसा ओतण्यापूर्वी जाळीची सफाई करून पाहणे शहाणपणाचे.