आकाशातील अदृश्य कुंपणे

जमिनीवरील हद्द ओळखण्यास फारसे प्रयास पडत नाहीत. शेताला बांध असतो, बंगल्याला भिंत असते, आणि काहीच नसले तर तलाठ्याच्या दप्तरात गट नंबर तरी असतोच. आकाशाचे तसे नाही. खालून पाहणाऱ्याला ते सर्वत्र सारखेच मोकळे दिसते, आणि त्यात विहार करणाऱ्यालाही तसेच दिसते. वस्तुस्थिती अशी आहे की, हौसेखातर किंवा स्वतःच्या कामासाठी लहान विमान चालविणाऱ्यांची संख्या जेथे लाखांत मोजावी लागते, त्या अमेरिकेत आकाशाचे असंख्य तुकडे पाडलेले आहेत. या तुकड्यांच्या हद्दी आकाशात कोठेही आखलेल्या नाहीत. त्या आहेत केवळ नकाशावर. म्हणूनच वैमानिकी नकाशा हा विषय तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे व्हावे असा नाही. सामायिक साधनसंपत्तीचा वापर अनेकांनी एकमेकांना इजा न करता कसा करावा, या अर्थशास्त्रातील जुन्या प्रश्नाचेच ते एक रूप आहे.

आकाश कोणाच्या मालकीचे, हा वाद तेथे न्यायालयात गेला तो कोंबड्यांच्या निमित्ताने. उत्तर कॅरोलिना राज्यात विमानतळाजवळ कॉझबी नावाच्या शेतकऱ्याचे कुक्कुटपालन होते. युद्धकाळात लष्करी विमाने छपरावरून इतकी खालून जाऊ लागली की, कोंबड्या भयाने भिंतींवर आपटून मरू लागल्या आणि धंदा बुडाला. 1946 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ज्याची जमीन त्याचेच वरचे अनंत आकाश हा प्राचीन सिद्धान्त आधुनिक काळात टिकणार नाही. सुरक्षित उंचीवरील हवाई प्रदेश हा सार्वजनिक मार्ग आहे. मात्र जमिनीच्या उपभोगाला बाध येईल इतक्या खालून होणाऱ्या उड्डाणांबद्दल शेतकऱ्याचा भरपाईचा हक्क न्यायालयाने मान्य केला. आकाश अशा रीतीने सर्वांचे झाले. जे सर्वांचे असते त्याची शिस्त कोणी लावायची, हा प्रश्न तेवढा उरला.

त्या प्रश्नाचे उत्तर दर वेळी अपघातानंतरच मिळाले, असे खेदाने म्हणावे लागते. 30 जून 1956 रोजी ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन 128 माणसे मृत्युमुखी पडली. एवढ्या विस्तीर्ण आकाशात दोन विमाने एकाच बिंदूवर यावीत, हे लोकांना खरे वाटेना. 1958 मध्ये नवा कायदा झाला आणि हवाई वाहतुकीसाठी स्वतंत्र केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. परंतु खाजगी वैमानिक आणि त्याच्या हातातील नकाशा यांचा प्रश्न ऐरणीवर आला तो तीस वर्षांनी, लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटॉस या उपनगरात.

31 ऑगस्ट 1986 हा रविवार होता, आणि हवा स्वच्छ होती. टॉरन्सहून एक लहान पायपर विमान पर्वतातील बिग बेअर या ठिकाणी निघाले. त्याच सुमारास मेक्सिकोहून आलेले एक डीसी-9 प्रवासी विमान लॉस एंजेलिसकडे उतरत होते. मोठ्या विमानतळाभोवती राखून ठेवलेल्या, परवानगीवाचून प्रवेश निषिद्ध असलेल्या क्षेत्रात पायपर नकळत शिरले. सुमारे साडेसहा हजार फुटांवर टक्कर झाली. विमानांतील 67 आणि खाली आपापल्या घरांत असलेली 15, अशी 82 माणसे दगावली.

त्या क्षेत्राची रचना समजून घेतल्याखेरीज या चुकीचे स्वरूप ध्यानात येणार नाही. कुंभाराच्या घरातील उतरंड उलटी करावी, म्हणजे लहान मडके तळाशी आणि मोठी वर, तसा या हवाई प्रदेशाचा आकार असतो. विमानतळानजीक तो जमिनीला टेकतो. जसजसे दूर जावे तसतसा त्याचा तळ पायऱ्यापायऱ्यांनी वर चढतो. त्यामुळे एकाच गावावरून चार हजार फुटांवर जाणारा निर्दोष ठरतो आणि सात हजारांवर जाणारा गुन्हेगार. नकाशावर ही तिसरी मिती दाखवावयाची कशी? निळ्या रेषेच्या आत अपूर्णांकासारखे आकडे छापतात: वर 100 आणि खाली 40 असेल, तर दहा हजार फुटांपासून चार हजार फुटांपर्यंतचा पट्टा राखीव, असा त्याचा अर्थ. सर्वसाधारण नकाशात एका सेंटिमीटरात पाच किलोमीटर मावतात, आणि मोठ्या शहरांसाठी त्याच्या दुप्पट प्रमाणाचा वेगळा नकाशा काढतात. वैमानिकाने खालचे महामार्ग, जलाशय, लोहमार्ग ओळखावयाचे, त्यावरून नकाशात आपले स्थान ठरवावयाचे, आणि त्याच वेळी उंचीमापकावर नजर ठेवून आपण कोणत्या मजल्यावर आहोत याचे भान राखावयाचे. लॉस एंजेलिससारख्या अफाट नगरीत एक हमरस्ता दुसऱ्यासारखाच दिसतो, हे सांगणे नकोच.

डोळे उघडे ठेवा आणि टाळा, हे तत्त्व तरी उपयोगी पडावयास हवे होते. परंतु टकरीच्या मार्गावर असलेले दुसरे विमान काचेत एकाच जागी स्थिर दिसते. जे हलते ते नजरेत भरते. जे ठिपक्यासारखे स्थिर राहते तिकडे नजर जात नाही. दोघांपैकी कोणीही टक्कर टाळण्याची हालचाल केल्याचा पुरावा मिळाला नाही. पायपरवर उंची कळविणारे यंत्र नसल्याने नियंत्रकाच्या पडद्यावरही ती उंची उमटली नाही. शिवाय त्याचे लक्ष त्याच वेळी घुसखोरी केलेल्या दुसऱ्याच एका लहान विमानात गुंतले होते. चौकशी मंडळाने मुख्य ठपका नियंत्रण व्यवस्थेच्या मर्यादांवर ठेवला, पायपरच्या अनवधानी प्रवेशाला पूरक कारण मानले. 1989 मध्ये ज्यूरीने सरकार आणि पायपरचा वैमानिक यांना सारखेच दोषी ठरविले.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. नवा नकाशा घेण्याचा, उंची सांगणारे यंत्र बसविण्याचा खर्च हौशी वैमानिकाच्या खिशातून जातो. तो खर्च त्याने टाळला, तर होणाऱ्या हानीचा मोठा वाटा मात्र प्रवासी विमानातील अनोळखी माणसांवर आणि खाली घरात बसलेल्या कुटुंबांवर पडतो. ज्याला पाठ्यपुस्तकात बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे याहून विदारक उदाहरण सापडणे कठीण. अशा ठिकाणी बाजारपेठ पुरेशी काळजी उत्पन्न करीत नाही. म्हणून सेरिटॉसनंतर बड्या विमानतळांच्या 30 सागरी मैलांच्या परिघात उंची सांगणारे यंत्र सक्तीचे झाले. 1 जानेवारी 2020 पासून बहुतेक नियंत्रित प्रदेशात विमानाने आपले स्थान स्वतःहून प्रक्षेपित करणे बंधनकारक झाले. या यंत्रासाठी सरकारने काही काळ लहान विमानमालकांना 500 डॉलरची सूटही दिली होती. सक्तीला अनुदानाची जोड देण्याचा हा शहाणपणा आपल्याकडील योजनाकारांनीही पाहून ठेवण्याजोगा आहे.

नकाशाबाबत अमेरिकेने अधिकच उदार धोरण स्वीकारले. 1930 च्या दशकात एल्रे जेपसन या टपालवैमानिकाने दहा सेंटच्या वहीत टिपलेली विमानतळांची माहिती सहकाऱ्यांना दहा डॉलरला विकली आणि त्यातून मोठा उद्योग उभा राहिला. म्हणजे माहितीला बाजारभाव होता, यात शंका नाही. तरीही सरकारी नकाशे आज संगणकीय रूपात कोणालाही विनामूल्य मिळतात, आणि 56 दिवसांनी त्यांची नवी आवृत्ती निघते. आणखी एकाने प्रत घेतल्याने खर्च वाढत नाही. मग किंमत कशासाठी? किंमत ठेवल्यास काही मंडळी जुन्याच नकाशावर भागवतील, आणि जुना नकाशा नसलेल्या नकाशाहून घातक, कारण तो खोटा दिलासा देतो. एकूण व्यवस्थेचा खर्च प्रवाशांच्या तिकिटावरील व इंधनावरील करातून निघतो. प्रत्येक सेवेचे शुल्क थेट आकारावे, ही सूचना तेथे वारंवार पुढे आली आणि खाजगी वैमानिकांच्या संघटनांनी ती हाणून पाडली. कॅनडाने 1996 मध्ये शुल्काचाच मार्ग पत्करला. दोन्हीकडे युक्तिवाद आहेत. परंतु सुरक्षिततेची माहिती तरी फुकट असावी, याबाबत दुमत होण्याचे कारण दिसत नाही.

फुकट नकाशाने भान मात्र फुकट येत नाही. 11 मे 2005 रोजी एक दोन आसनी सेस्ना विमान वाट चुकून वॉशिंग्टनच्या संरक्षित आकाशात शिरले. लढाऊ विमाने झेपावली. व्हाइट हाउस आणि संसदभवन रिकामे करावे लागले. नकाशावर ते क्षेत्र ठळकपणे छापलेले होते. 2009 पासून राजधानीच्या 60 सागरी मैलांत डोळ्यांच्या आधारे उडणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला एक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, तो याच अनुभवांमुळे. शिवाय राष्ट्राध्यक्षांच्या दौऱ्यापुरते लागू होणारे निर्बंध छापील नकाशात येऊच शकत नाहीत. उड्डाणापूर्वी त्यांची वेगळी चौकशी करावी लागते.

भारतात खाजगी वैमानिक थोडे, म्हणून हा विषय परका मानण्याचे कारण नाही. 12 नोव्हेंबर 1996 रोजी चरखी दादरीवर दोन विमाने धडकून 349 माणसे गेली. आकाशाचा बराच भाग लष्कराकडे राखीव असल्याने येणारी आणि जाणारी विमाने एकाच चिंचोळ्या मार्गाने सोडली जात होती, आणि दिल्लीच्या पडद्यावर, सेरिटॉसप्रमाणेच, विमानांची उंची दिसत नव्हती. आता तर लग्नसमारंभाचे चित्रण करणारा छायाचित्रकार आणि उसावर फवारणी करणारा तरुणही ड्रोनच्या रूपाने या आकाशात उतरला आहे. सप्टेंबर 2021 मध्ये सरकारने त्यांच्यासाठी हिरव्या, पिवळ्या व लाल पट्ट्यांचा नकाशा खुला केला. हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. परंतु विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या अंतरात हीच मर्यादा 200 फुटांवर येते. ज्या तरुणाने शेताच्या बांधापलीकडे कोणतीही हद्द कधी मोजली नाही, त्याला हा फरक कोणी, कोणत्या भाषेत आणि केव्हा समजावून सांगावयाचा, याची तरतूद नकाशाबरोबरच करावी लागेल.